आठ डब्यांतला रहाट

मी एक जुना चित्रपट आहे. जुना म्हटल्यावर लगेच 'अरेरे' करू नका, मित्रांनो. मला ते मुळीच खपत नाही. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, आवाज मधूनच घोगरा होतो आणि डबा उघडला की आंबूस वास येतो, हे सगळं कबूल. पण मी अजून चालतो. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये म्हणे शंभर चित्रपट मावतात. मी एकटा आठ डब्यांत मावतो. पत्र्याचे, ताटाएवढे गोल आठ डबे आणि प्रत्येकात एक रीळ. हे डबे नीट लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं.

नाईलच्या काठी कोम अल-नखील नावाच्या गावात माझा जन्म झाला. मला जन्माला घालणारे उस्ताद रिफात याच मातीतले. राजधानीत जाऊन ते चित्रपट करायला शिकले, पण कोणी बोलावून काम देईल म्हणून ओट्यावर वाट बघत बसणारा तो माणूस नव्हता. भाड्याचा कॅमेरा घेऊन ते सरळ गावी आले. लोकांनी विचारलं, "उस्ताद, नट कुठून आणणार?" ते म्हणाले, "गावात नाटकी माणसांना काय तोटा आहे?"

माझी कथा दोन वाक्यांत सांगता येते. एका शेतकऱ्याचं रहाटगाडगं असतं, तो मरतो आणि मुलगे त्याची वाटणी करतात. थोरला चाक घेतो, मधला गाडगी घेतो, धाकटा बैल घेतो. वाटणी अगदी चोख होते, फक्त पाणी यायचं थांबतं. बहिणीला भाऊ काहीच देत नाहीत. तिच्या खांद्यावर एक शाल टाकतात आणि चार लोकांसमोर तिच्याकडून 'मी राजी आहे' एवढं वदवून घेतात.

ही आमच्याकडची जुनीच रीत. धर्माने मुलीला हिस्सा दिलेला आहे, पण तो परक्या घरात जाऊ नये म्हणून भाऊ तिला शाल पांघरतात. बहीण 'राजी' म्हणाली की तिला माहेरचं दार कायम उघडं. नाही म्हणाली तर कायम बंद. माझ्या आठव्या डब्यातली बहीण काय करते? ती थांबलेल्या रहाटाच्या आडव्या खोडावर जाऊन बसते, शाल काढून खाली टाकते आणि म्हणते, "मी राजी नाही." तिथे मी संपतो.

ती बहीण झाली होती उस्तादांची सख्खी बहीण बदरिया. तिच्या स्वतःच्या खांद्यावरही काही वर्षांपूर्वी शाल पडली होती आणि टाकणाऱ्या भावांत उस्ताद होते. तेव्हा ती खाली मान घालून 'राजी' म्हणाली होती. कॅमेऱ्यासमोर मात्र तिने 'नाही' म्हटलं, आणि असं म्हटलं की उस्तादांना 'कट' म्हणायचं सुचलंच नाही. कॅमेरा चालू राहिला, ती बघत राहिली. म्हणून माझा शेवट जरा लांबला आहे. पुढे मोठमोठ्या समीक्षकांनी त्याला धाडसी दीर्घ दृश्य म्हणून वाखाणलं. मला विचाराल तर उस्ताद नुसते रडत होते.

बाकी चित्रीकरण म्हणजे गंमतच होती. मेलेल्या बापाचं काम अवद गिरणीवाल्याकडे होतं. गावातल्या बायकांनी त्याच्याभोवती बसून असा काही टाहो फोडला, त्याचे असे गुण गायले की त्याला राहवेना. त्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "बायांनो, मी जिवंत असताना का नाही गं बोललात हे?" ते चित्रण वाया गेलं. उस्तादांनी डोकं धरलं, पण त्यांनाही हसू आवरेना.

नंतर मी देशोदेशी हिंडलो. टायवाल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण घोरलेही. सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा: रहाट म्हणजे नक्की काय? हा रहाट म्हणजे आपला देश का? ही फुटलेली भावंडं म्हणजे आपण सगळे अरब का? एक पत्रकार तर थेट गावात बदरियाकडे येऊन धडकला. ती कणीक मळत होती. "रहाट म्हणजे रहाट," ती म्हणाली. "का हो, तुमच्याकडे पाणी नळातूनच उगवतं वाटतं?"

थिएटरात मात्र मला तिसऱ्या दिवशी उतरवलं. गाणं नाही, मारामारी नाही आणि बाईचं शेवटी लग्नसुद्धा होत नाही! लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. 'पडला, पडला' झालं. पडलो तर पडलो. माझे काही गुडघे फुटले नाहीत.

माझ्या गावाने मात्र मला कधी पाहिलंच नाही. आपल्या बहिणीचा चेहरा भिंतीवर गावभर दाखवायचा? उस्तादांच्या थोरल्या भावांनी साफ नकार दिला. उस्तादांनी हट्टाने फिरत्या सिनेमाचा एक जुना प्रोजेक्टर विकत आणला, दरवर्षी 'यंदा दाखवू' म्हणाले आणि दरवर्षी राहून गेलं. हे मला अजून लागतं. परक्यांच्या टाळ्या मिळाल्या, घरच्यांनी तोंडसुद्धा बघितलं नाही.

मग मी कपाटावर जाऊन पडलो. माझं मूळ, ज्याच्यावरून नव्या प्रती काढतात, ते गोदामात पाणी शिरून नासलं. तेव्हापासून जगात मी एवढाच. दर हिवाळ्यात उस्ताद मला खाली काढत, एकेक रीळ हाताने उलगडून वारा देत, पुन्हा गुंडाळत. त्यांची धाकटी लेक नईसा शेजारी बसून फडक्याने मला पुसायची. प्रोजेक्टरमध्ये मला कसं ओवायचं, हेही ती तिथेच शिकली. तिचे भाऊ मुख्तार, फौजी आणि हिल्मी तेव्हा अंगणात चेंडू खेळत असायचे. एकदा फौजीचा चेंडू माझ्या तिसऱ्या डब्यावर आपटला. तो पोचा अजून आहे.

उस्ताद गेले. त्यांची बायको आधीच गेली होती. चाळीस दिवस पाळून झाल्यावर वाटणीला मशिदीचे शेख मुतवल्ली येऊन बसले. शेख भला माणूस. जमीन झाली, घर झालं, म्हैस झाली. शेवटी कपाटावरचे आठ डबे राहिले. शेखांनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मुलाला दोन, मुलीला एक. तीन मुलगे, म्हणजे सहा. दोन मुली, म्हणजे दोन. सहा आणि दोन आठ! सुबहानल्लाह! उस्तादांनी वारस मोजूनच काढला होता की काय हा चित्रपट!"

सगळ्यांना धन्य वाटलं. भांडण न होता झालेली गावातली ती पहिली वाटणी असावी. चहात साखर जरा जास्तच पडली. मी आतून ओरडत होतो, पण डब्यातल्या चित्रपटाचा आवाज कोणाला ऐकू येणार?

एकटी नईसा बोलली. "अहो शेख, हे आठ नाहीत, एक आहे. एका बैलाची मांडी ह्याला आणि शेपूट त्याला, असं करतो का आपण?"

"करतो की," फौजी म्हणाला. "मी रोजच करतो." फौजी खाटीक होता. सगळे पोट धरधरून हसले आणि माझे तुकडे झाले.

पहिला-दुसरा डबा मुख्तारच्या पलंगाखाली कांद्यांशेजारी गेला. तिसरा-चौथा फौजीच्या माळ्यावर. पाचवा-सहावा हिल्मीकडे. त्याच्या बायकोला पाचवा डबा ईदची बिस्किटं ठेवायला फार पसंत पडला, म्हणून तिने आतलं रीळ खताच्या रिकाम्या पोत्यात घालून गच्चीवर टाकलं. सातवा थोरल्या बहिणीने, विदादने, लेकीच्या लग्नाच्या भांड्यांत जपून ठेवला. आठवा नईसाकडे. तुम्हीच सांगा, हे काय जगणं झालं? माझ्यातला म्हातारा मुख्तारच्या पलंगाखाली मरायचा आणि त्याच्यासाठीचं रडणं फौजीच्या माळ्यावर व्हायचं! ज्या मूर्खपणावर मी बोट ठेवलं होतं, तोच माझ्या घरच्यांनी माझ्यावर करून दाखवला. मी दुःखी झालो असं म्हणणार नाही. मला संताप आला.

काही वर्षांनी राजधानीहून एक जाहिरातवाले साहेब आले. त्यांना तूप विकायचं होतं. जुना काळ, शुद्ध गाव, रहाट, म्हशी, डोक्यावर घडे घेतलेल्या बायका, हे सगळं माझ्यात आयतं मिळेल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"डबे मात्र आठही हवेत," ते मुख्तारला म्हणाले. "उद्या कोणी हक्क सांगत यायला नको. आम्ही हवे तेवढे तुकडे कापून घेऊ, बाकीचं टाकून देऊ. शेवट तर नकोच. ती बाई काहीतरी कुरकुरते. कुरकुरीवर तूप विकलं जात नाही."

भाऊ लगेच तयार झाले. राहिल्या बहिणी. शाली आल्या.

विदादने खांद्यावर शाल घेतली आणि 'राजी' म्हणून मोकळी झाली. नईसाने तिला रागाने विचारलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "मला माहेर हवंय गं. पोरीचं लग्न तोंडावर आलंय. तिच्या पाठीशी मामा नकोत का उभे राहायला?"  नईसाने बहिणीला जवळ घेतलं.

मग मुख्तार नईसाकडे आला. "शुक्रवारी नमाजानंतर अंगणात ये. तुझ्यासाठी चांगली जाडजूड शाल आणलीय, मेंढीच्या लोकरीची."

"ह्या उन्हाळ्यात, दादा?"

"माहेरची ऊब बाराही महिने लागते."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर ह्या दाराने पुन्हा आत यायची तसदी घेऊ नकोस."

त्या दुपारी नईसा माझा आठवा डबा मांडीवर घेऊन खूप रडली. एका पारड्यात भाऊ, भाचरं, आईची चूल. दुसऱ्या पारड्यात मी, तोही आठवा हिस्सा! तिच्या जागी मी असतो तर मलाच सोडून दिलं असतं कदाचित. तिचा नवरा बरकात नदीवर होडी चालवायचा. तो म्हणाला, "मी लोकांना नदी पार करून देतो. पण हे तुझं तुलाच पार करायचंय, बाई. कुठल्याही काठाला लागलीस तरी मी तिथे असेन."

नईसाने डोळे पुसले आणि उठली. वाटणीत भंगार म्हणून कोणी न घेतलेला, तेव्हा तिनेच घरी आणून ठेवलेला प्रोजेक्टर तिने कोपऱ्यातून ओढून काढला, पुसला, त्याला तेल दिलं. आपल्या घराची मागची भिंत चुन्याने पांढरी केली आणि गावभर निरोप दिला: गुरुवारी संध्याकाळी उस्तादांचा चित्रपट बघायला या, फक्त शेवट आहे.

"फक्त शेवट?" अवद गिरणीवाल्याचा मुलगा शहाता म्हणाला. "जेवायला बोलवायचं आणि नुसता चहा पाजायचा, त्यातली गत झाली ही." तरी तो आला. सगळेच आले. बदरिया आत्यालाही दोघी जणी हाताला धरून घेऊन आल्या. आता तिला काठीशिवाय चालवत नव्हतं. भाऊ तेवढे आले नाहीत.

दिवा लागला. मी भिंतीवर उमटलो. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी माझ्या गावच्या भिंतीवर होतो! परदेशातल्या मखमली पडद्यांचं काय घेऊन बसलात. आधी कोणाला काही कळेना, मग एका बाईने किंकाळी फोडली. "अगं, तो बघ माझा काका! पागोटं बघ त्याचं, तेव्हाही तिरकंच!" रहाटाभोवती जमलेल्या गर्दीत कोणाचा आजा होता, कोणाची सासू होती, नवऱ्याच्या मागे लपून कॅमेऱ्याकडे चोरून बघणारी. गेलेली माणसं भिंतीवर उभी होती, डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे बघत. मग बदरिया खोडावर चढून बसली, तिने शाल खाली टाकली आणि ते वाक्य म्हटलं. 

बदरिया आत्या स्वतःला पहिल्यांदाच बघत होती. "केवढी उंच होते गं मी," ती हळूच म्हणाली.

रीळ संपलं, माझं शेपूट फटफट करत फिरत राहिलं. शहाता उठून उभा राहिला. "आणि माझा बाप? तोही होता ना यात?"

"होता ना," नईसा म्हणाली. "तो दादाच्या पलंगाखाली आहे, कांद्यांशेजारी."

लोक हसले. शहाता हसला नाही. मग एकेक जण नईसाला विचारू लागला, आमचं माणूस कुठल्या डब्यात आहे?

शुक्रवारी नमाज झाला आणि मुख्तारच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. नेहमी चार साक्षीदार पुरतात, आज सगळा गाव साक्षीला! तूपवाले साहेब खुर्चीवर बसले होते. मुख्तारने घडी मोडून जाडजूड शाल नईसाच्या खांद्यावर टाकली. "बोल, राजी आहेस ना?"

"थांबा," शहाता पुढे आला. "माझ्या बापाचा एक फोटो नाही आमच्याकडे. तो हलताबोलता दिसतो तो फक्त ह्यांच्या पहिल्या दोन डब्यांत. मग मी नाही का वारस? मला कोणी विचारलं?"

"आणि माझी आई तिसऱ्यात!" मागून कोणीतरी ओरडलं. "चौथ्यात आमचं अख्खं घर आहे!"

फौजी भडकला. "व्वा! उद्या म्हशीचेही वारस येतील!"

"येतील तर येऊ देत," एक म्हातारा म्हणाला. "ती म्हैस आमचीच होती."

सगळ्यांनी शेखांकडे बघितलं. शेख मुतवल्ली दाढी कुरवाळत बसले होते. "वाटणी बरोबर होती," ते सावकाश म्हणाले. "पण वस्तू काय आहे ते न बघताच मी वाटली. मी डबे वाटले, बाबांनो. आत काय आहे ते कोणालाच विचारलं नाही. आणि ही शाल तर आपली रीत आहे, धर्म नाही. मुलीचा हिस्सा तिचाच. हे मी आधीच बोलायला हवं होतं."

तेवढ्यात काठी आपटत बदरिया आत्या उठली. मुख्तारने तिला बसवायला हात पुढे केला तर तिने तो झटकला.

"तुझ्या बापाने माझ्यावर शाल टाकली, मुख्तार, आणि मी राजी म्हटलं. मग जन्मभर त्याला चैन पडेना. हा रहाट, हा सगळा खटाटोप कशासाठी होता रे? आठ डबे भरून माफी मागितली त्याने माझी! आणि तू ती माफी तुपात तळायला निघालास?"

 तूपवाले साहेब घाम पुसू लागले.

नईसा उठली. माझा आठवा डबा तिच्या काखेत होता. तिने खांद्यावरची शाल काढली. लोकांना वाटलं, आता ती खाली टाकणार, भिंतीवरच्या बदरियासारखी. पण तिने ती नीट झटकली, दोन पावलं पुढे गेली आणि मुख्तारच्या खांद्यांवर व्यवस्थित पांघरली. टोकंसुद्धा सारखी केली.

"दादा," ती म्हणाली, "दरवेळी आम्हीच राजी व्हायचं. आज तू हो."

मुख्तार त्या उन्हात मेंढीची लोकर पांघरून उभा. कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग सगळं अंगण हसलं. विदाद तर पदर तोंडात कोंबून हसत होती आणि रडतही होती. मला वाटलं, आता हा शाल भिरकावणार आणि दार कायमचं बंद होणार. मुख्तारने बहिणीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. शालीच्या टोकाने कपाळाचा घाम पुसला.

"त्या डब्यांना कांद्याचा वास येत असेल," तो पुटपुटला आणि पलंगाखालचे डबे आणायला आत गेला.

संध्याकाळी आठही डबे नईसाच्या भिंतीसमोर एका ओळीत होते. फौजी शेवटी आला, गुरगुरत, पण आला. तिसऱ्या डब्यावरचा पोचा बघून म्हणाला, "हा माझा आहे." तूपवाल्या साहेबांना हिल्मीच्या बायकोने पाचव्या डब्यातली बिस्किटं बांधून दिली आणि बरकातने त्यांना नदीपार पोचवलं. अवद गिरणीवाला दुसऱ्या डब्यात मेला तेव्हा शहाता लहान मुलासारखा रडला.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पोत्यातलं माझं पाचवं रीळ पार नासलं होतं, चिकटून त्याचा गोळा झाला होता. ते परत येणार नाही. म्हणून पाचव्याची पाळी आली की नईसा भिंतीवर नुसता पांढरा उजेड सोडते आणि बदरिया आत्या त्या उजेडात काठी टेकून उभी राहते. मधला भाऊ गाडगी कशी घेऊन गेला, आईने त्याला कसं अडवलं, हे सगळं ती तोंडाने सांगते. दरवेळी थोडं वेगळं सांगते. मुलं पुढे येऊन बसतात. काही आगाऊ लोक म्हणतात, माझा हाच भाग सगळ्यांत चांगला आहे. म्हणू देत.

ती जाड शाल आता माझ्या डब्यांवर असते. धूळ बसत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटावर, माळ्यावर, पलंगाखाली काहीतरी जुनं पडलेलं असेल. उद्या ते वाटून घ्यायची वेळ येईल. खुशाल घ्या, तुमचा हक्क आहे. पण वाटण्याआधी सगळे एकदा एकत्र बसा आणि आत काय आहे ते बघा. आणि त्या बैठकीत एखादी बहीण, आत्या, आजी मान खाली घालून 'राजी' म्हणत असेल, तर तिला पुन्हा एकदा विचारा.

मलाही लोक विचारतातच. "अरे म्हाताऱ्या, तुझं एक रीळ नासलं, तुला वास येतो, आता गप्प पडून राहायला काय घेशील?" माझं उत्तर आठव्या डब्यात आहे. भिंत पांढरी करा, दिवा लावा, मी तुमच्या तोंडावर सांगतो:

मी राजी नाही.